चाकांवरच्या घराची वीज : आधी हिशेब, मग खरेदी

आजचा विषय जरा घरगुती आहे आणि जरा अभियांत्रिकीचाही. व्हॅन विकत घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, बेड, ओटा, फ्रिज बसवायचा आणि कुटुंबाला घेऊन निघायचं, असा बेत हल्ली अनेक जण करतात. सुतारकाम कसं करायचं याचे व्हिडिओ भरपूर आहेत. फर्निचर चुकलं तर फळी कुरकुरते, दार नीट लागत नाही. विजेचं काम चुकलं, तर मात्र रात्री सगळे झोपलेले असताना गादीखाली तार तापते. म्हणून आज फक्त विजेबद्दल बोलू.

माझ्याकडे लोक येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सोलर किती वॅटचं लावू?" माझं म्हणणं असं, की हा प्रश्न बरोबर आहे, पण तो शेवटून दुसरा आहे. त्याच्या आधीचे प्रश्न सोडवले की याचं उत्तर आपोआप मिळतं. क्रम असा : रोजचा खर्च किती, साठा किती लागेल, साठा भरणार कसा, तारा किती जाड आणि फ्यूज कुठे. दुकानात जायचं ते या सगळ्यानंतर.

खर्चाची वही

एक उदाहरण धरू. पुण्यातलं कुटुंब आहे. नवरा-बायको, एक शाळकरी मुलगी आणि आजी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराची गाडी. मे महिन्यात शुक्रवारी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत गुहागर, दोन रात्री मुक्काम, रविवारी दुपारी परत. आणि आजींना इन्शुलिन लागतं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. म्हणजे या गाडीतला फ्रिज हा थंड सरबताचा मामला नाही. तो चाललाच पाहिजे. हे एक वाक्य पुढचे बरेच निर्णय ठरवणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

आता मोजायचं कशात? वॅट म्हणजे वेग आणि वॅट-तास म्हणजे एकूण खर्च. १० वॅटचा दिवा ५ तास चालला तर ५० वॅट-तास. आपल्या लाईट बिलातलं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. एवढंच गणित आहे.

वही उघडू या.

फ्रिज : १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरचा छोटा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो. तो सतत चालत नाही, गार झाला की थांबतो. पण कोकणातला मे महिना आहे, तेव्हा अर्धा वेळ चालेल असं धरू. २४ तासांचे ६०० वॅट-तास.

पंखे : १५ वॅटचे दोन, रोज १० तास. ३०० वॅट-तास.

दिवे : ५ वॅटचे चार एलईडी, ५ तास. १०० वॅट-तास.

मोबाईल : चार, प्रत्येकी १५. म्हणजे ६०. एक लॅपटॉप, एकदा पूर्ण चार्ज, आणखी ६०.

पाण्याचा पंप : ६० वॅटचा, दिवसभरात मिळून पाव तास. फक्त १५.

बेरीज १,१३५. आपण १,१५० धरू. म्हणजे सव्वा युनिटसुद्धा नाही. या बेरजेकडे जरा बघा. निम्म्याहून जास्त खर्च एकट्या फ्रिजचा आहे. लोक दिव्यांवर काटकसर करतात, पण फ्रिज उन्हाच्या बाजूला, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात बसवतात. त्याच्या मागची जाळी मोकळी ठेवा. दिवे विझवून जेवढं वाचेल त्याहून जास्त तिथे वाचेल.

आता या वहीत नसलेला एक खर्च सांगतो. बरेच जण मोठा इन्व्हर्टर बसवतात आणि तो दिवसरात्र चालू ठेवतात, कारण घरी तो चालूच असतो. इन्व्हर्टरला काहीही जोडलेलं नसलं तरी स्वतःला जागं ठेवायला तो वीज खातो. १५ वॅट धरा. २४ तासांचे झाले ३६०. आपल्या दिवसाच्या खर्चाच्या जवळजवळ एक तृतीयांश, आणि बदल्यात काही नाही! म्हणून नियम असा : जे १२ व्होल्टवर चालू शकतं ते थेट १२ व्होल्टवर चालवायचं. मोबाईल, लॅपटॉपचे चार्जरही १२ व्होल्टचे मिळतात. इन्व्हर्टर मिक्सरपुरता चालू करायचा आणि काम झालं की बंद.

स्वयंपाकाचा निर्णय आत्ताच

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं गणित कोसळतं. इंडक्शन शेगडी वापरायची का? एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ८७ वॅट-तास ऊर्जा लागते. हा निसर्गाचा भाव आहे, कंपनी कुठलीही असो. शेगडी आणि इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून १०० ते ११०. चहापुरतं ठीक आहे. पण चौघांचा वरणभात, भाजी, दोन वेळचा चहा धरला तर दिवसाला हजारभर वॅट-तास सहज जातात. म्हणजे खर्च एकदम दुप्पट.

शिवाय २,००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत सुमारे १८५ अँपिअर ओढते. त्याची तार अंगठ्याएवढी जाड लागते. या कुटुंबाला माझा सल्ला असा, की स्वयंपाक गॅसवर आणि गाडीच्या बाहेर करा. गॅस गाडीत ठेवणार असाल तर एक गोष्ट पक्की : एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. तेव्हा सिलिंडरच्या कप्प्यात किंवा त्याच्या शेजारी बॅटरी, इन्व्हर्टर, स्विच यांतलं काहीही नको.

साठा : बॅटरी

आता मुक्काम मोजू. शुक्रवारी संध्याकाळी ७ ते रविवारी दुपारी १२ म्हणजे ४१ तास, साधारण १.७ दिवस. १,१५० गुणिले १.७ म्हणजे १,९५५ वॅट-तास. मुक्कामात सूर्य अजिबात दिसला नाही तरी एवढं पुरलं पाहिजे. का? कारण आजींचं इन्शुलिन ढगांवर अवलंबून ठेवता येत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी जातीची बॅटरी १२.८ व्होल्टची असते. २०० अँपिअर-तासांची घेतली तर २,५६० वॅट-तास. ती रोज तळापर्यंत उपसायची नाही, ८० टक्के वापरू. मिळाले २,०४८. आपल्याला हवेत १,९५५. जेमतेम, पण बसलं.

हेच घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत बघू. १५० अँपिअर-तास, १२ व्होल्ट, म्हणजे १,८००. पण लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. हाती उरले ९००. म्हणजे तशा दोनाहून जास्त लागतील, आणि एकेकीचं वजन ५० किलोच्या पुढे. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. घाटाच्या वळणांवर ॲसिड हिंदकळतं. जिथे माणसं झोपतात तिथे ती नकोच.

लिथियमलाही पथ्यं आहेत. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आतून कायमचं नुकसान होतं. गुहागरला हा प्रश्न नाही. पण उद्या हीच गाडी हिवाळ्यात स्पितीला न्यायची असेल, तर थंडीत चार्जिंग तोडणारी यंत्रणा बॅटरीत आहे ना, हे घेण्याआधी विचारा. उष्णतेचीही वरची मर्यादा कंपनीच्या पत्रकात असते. उन्हात बंद उभ्या गाडीत पत्र्याला चिकटून बॅटरी ठेवू नका.

आणखी एक. या बॅटरीचा व्होल्टेज भरलेली असताना आणि निम्मी असताना जवळपास सारखाच दिसतो. व्होल्टमीटर बघून साठा कळत नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं ते मोजणारा बॅटरी मॉनिटर लावा. ही चैन नाही, पेट्रोलचा काटा आहे असं समजा.

भरणार कसं?

आता सोलर! पण त्याआधी विचारतो, हे कुटुंब गुहागरला पोचणार कसं? गाडी चालवत. सहा-सात तास इंजिन चालणार, म्हणजे अल्टरनेटर चालणार. गाडीची स्टार्टरची बॅटरी आणि घराची बॅटरी यांच्यामध्ये ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला, तर तो साधारण ४०० वॅट देतो. सहा तासांचे २,४०० वॅट-तास. बॅटरी जवळजवळ रिकामी घेऊन निघालात तरी पोचेपर्यंत ती भरत आलेली असेल. टपावर एकही पॅनेल नसताना!

शनिवार-रविवारी फिरणाऱ्या माणसाचा मुख्य स्रोत बहुतेक वेळा अल्टरनेटर असतो. एका जागी चार-चार दिवस राहणाऱ्याला सोलर लागतं. आपण कुठल्या जातीचे प्रवासी आहोत ते आधी ठरवा.

पण मधला हा चार्जर टाळून सरळ तारेनं दोन्ही बॅटऱ्या जोडू नका. लिथियम बॅटरीचा आतला रोध फार कमी असतो. रिकामी असली की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं चालून तापतो, जळूही शकतो. आणि दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडलेल्या असतील तर रात्रभर फ्रिज चालल्यावर सकाळी गाडी सुरू होईलच असं नाही. घराच्या बॅटरीनं स्टार्टरच्या बॅटरीला कधीही उतरवता कामा नये.

आता सोलरचं गणित. टपावर ३०० वॅटचं पॅनेल सपाट बसवलं. महाराष्ट्रात उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५ तास पूर्ण प्रखर उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरतात. पण पॅनेलचे ३०० वॅट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास उत्पादन घटतं. तिथेच १५ टक्के गेले. धूळ, सपाट बसवणं, तारा, चार्जर धरून ७० टक्के हाती येतात असं माना. ३०० गुणिले ५ गुणिले ०.७, म्हणजे १,०५०. दिवसाचा बहुतेक खर्च निघाला. पावसाळ्यात कोकणात निम्मं धरा. आणि आंब्याच्या गार सावलीत गाडी लावलीत तर आणखी कमी. आपल्याला सावली हवी, पॅनेलला ऊन हवं, हा झगडा प्रत्येक मुक्कामाला होणार.

तर या कुटुंबासाठी : अल्टरनेटर मुख्य, ३०० वॅटचं पॅनेल जोडीला, सोबत एमपीपीटी चार्ज कंट्रोलर. बॅटरी जेमतेम बसली होती ना? ती कमतरता पॅनेल भरून काढतं.

तारा : इथे लोक पैसे वाचवतात

घरातली १,००० वॅटची वस्तू २३० व्होल्टवर सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते. तेच १,००० वॅट १२ व्होल्टवर ८३ अँपिअर. प्रवाह एकोणीस पट. आणि तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत ती तीनशेपटीहून जास्त. म्हणून "घरी हीच वायर चालते" हे वाक्य गाडीत चालत नाही.

फ्रिजचं उदाहरण घ्या. ५ अँपिअर, बॅटरीपासून ५ मीटरवर. जाऊन-येऊन तार १० मीटर. दीड एमएमची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर वाटेत ०.५८ व्होल्ट जातात, जवळजवळ ५ टक्के. चार एमएमची वापरली तर ०.२२ व्होल्ट, २ टक्क्यांच्या आत. फ्रिजसाठी ३ टक्क्यांच्या आत राहायचं हा चांगला नियम आहे. दीड एमएमची तार जळणार नाही, पण या फ्रिजांमध्ये कमी व्होल्टेजला बंद पडण्याची सोय असते आणि कंप्रेसर सुरू होताना प्रवाह क्षणभर जास्त लागतो. बॅटरी थोडी उतरली, त्यात तारेनं अर्धा-पाऊण व्होल्ट खाल्ला, की फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. बॅटरीत वीज आहे, फ्रिज बंद आहे आणि इन्शुलिन तापतंय. दोष शोधायला गेलं तर सापडतही नाही, कारण मीटर बॅटरीवर लावला की सगळं ठीक दिसतं.

१,००० वॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण भारावर ९५ अँपिअरच्या आसपास लागतात. त्याला ३५ एमएमची केबल घाला आणि इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभराच्या आत ठेवा. तार बारीक धाग्यांची, लवचिक हवी. एकसंध तांब्याची तार घाटातल्या हादऱ्यांनी तुटते. टोकाला लग बसवायचे ते योग्य मापाच्या साधनानं दाबून, पकडीनं चेपून नाही. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रॉमेट हवाच.

फ्यूज कोणाचा रखवालदार?

बहुतेकांना वाटतं की फ्यूज दिव्याला किंवा फ्रिजला वाचवतो. नाही. फ्यूज तारेला वाचवतो.

दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. पण त्याची तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली आणि गाडीच्या बॉडीला टेकली, तर बॅटरी दिव्याचा विचार करत नाही. ती शेकडो अँपिअर सोडते. काही क्षणांत तार लाल होते, आणि ती कुठून गेलेली असते? प्लायवूडच्या मागून, गादीच्या फोमखालून.

म्हणून प्रत्येक फांदीला तिच्या तारेला झेपेल असा फ्यूज. फ्रिजच्या चार एमएमच्या तारेला १५ अँपिअर, दिव्यांच्या दीड एमएमला ५ अँपिअर, इन्व्हर्टरच्या ३५ एमएमला १२५ अँपिअर. आणि सगळ्यात महत्त्वाचा मुख्य फ्यूज, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणीच रखवालदार नसतो, म्हणून तो तुकडा जितका लहान तितका बरा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाल्यावर हजारो अँपिअर देऊ शकते. तेव्हा मुख्य फ्यूज घेताना "किती अँपिअरला उडतो" एवढंच विचारू नका. "जास्तीत जास्त किती प्रवाह सुरक्षित तोडू शकतो" हेही विचारा.

घरातला एमसीबी इथे लावू नका. आपल्या घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. स्विच उघडताना ठिणगी पडली तरी त्या शून्याला ती विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटलेली राहू शकते. डीसीसाठी डीसीचाच ब्रेकर लागतो आणि तसं त्यावर लिहिलेलं असतं.

आणि २३० व्होल्टची बाजू, म्हणजे होम-स्टेच्या सॉकेटमधून वीज घेणं किंवा इन्व्हर्टर. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग, आणि बाहेरची वीज व इन्व्हर्टर कधीच एकत्र येणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच. गाडी पत्र्याची आहे, ओल्या पायांनी माणूस तिला हात लावणार आहे. एवढं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, एसी बसवता येईल का? मे महिन्यात पंख्यावर मुलं झोपत नाहीत.*

ताई, गणित करू. एक टनाचा एसी रात्रभर सरासरी ६०० वॅटवर चालला, तर ८ तासांचे ४,८००. इन्व्हर्टरचं नुकसान धरून साडेपाच हजारांच्या घरात. म्हणजे आपल्या बॅटरीसारख्या जवळजवळ तीन बॅटऱ्या, एका रात्रीला. त्या भरायला लागणारी पॅनेल टपावर मावत नाहीत. एसी हवाच असेल तर बाहेरची वीज मिळेल असा मुक्काम निवडा. नाहीतर आधी पत्र्याला आतून इन्सुलेशन करा आणि छतात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. त्यानं बराच फरक पडतो.

*प्रश्न : आरटीओची परवानगी लागते का?*

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं, की आरसीतल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. सीट काढणं, कायमचा बेड बसवणं यात ते येऊ शकतं. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नंतर दावा नाकारला गेला तर वाचवलेले पैसे पुरत नाहीत.

*प्रश्न : मी गाडी घेतली आहे, पण विजेचं काही केलेलं नाही. उद्या सकाळी पहिलं काय करू?*

काका, उत्तम वेळ आहे. एक वही घ्या. जे जे चालवायचं आहे ते लिहा, समोर वॅट, त्यासमोर तास. मग गाडीचा चित्ररूप आराखडा काढा : बॅटरी कुठे, फ्रिज कुठे, मधलं अंतर किती मीटर. प्रत्येक तारेवर तिची जाडी आणि तिचा फ्यूज लिहा. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बॅटरीच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवा. काही वर्षांनी रात्री अकरा वाजता कुठल्यातरी गावात काही बंद पडलं आणि अनोळखी वायरमन टॉर्च घेऊन आला, तर त्याला तो कागद लागणार आहे.